जुना सिंथेसायझर घुमतोय : वीजपुरवठ्यातला बिघाड कसा शोधायचा?



नववीला 'धाराविद्युत' आणि दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' शिकवताना एक प्रश्न दरवर्षी येतो. "सर, हे सगळं परीक्षेपुरतंच ना?" यंदा या प्रश्नाचं उत्तर मला द्यावं लागलं नाही. ते एका विद्यार्थ्याच्या घरात, पलंगाखाली, चादरीत गुंडाळून ठेवलेलं होतं.

झालं असं. पनवेलला आमच्या शाळेत नववीत शिकणारा एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, आजोबांचा सिंथ बंद पडलाय. फ्यूज गेलाय. काका म्हणतात, तार घालून टाकू. घालू का?"

मी आधी त्याला एवढंच सांगितलं, "तार घालायची नाही. प्लग काढून ठेव. मी संध्याकाळी येतो."

आजचा पाठ त्या संध्याकाळचा आणि नंतरच्या दोन रविवारांचा आहे. वीजपुरवठ्याचा बिघाड शोधायची जी पद्धत इथे मांडली आहे, ती जुना अ‍ॅम्प्लिफायर, रेडिओ, इलेक्ट्रॉनिक तानपुरा यांनाही तशीच लागू पडते. फक्त त्या यंत्रात लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असला पाहिजे. हे का म्हणतोय ते पुढे येईल.

हे वाद्य आपल्याकडे आलं कुठून?

मुलांना आधी थोडा इतिहास सांगावा, म्हणजे समोरची पेटी भंगार वाटत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. मुंबईत १९७०च्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग हिंदी चित्रपटसंगीतात आणला. १९८२ साली चरणजित सिंग यांनी रोलँडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या तीन यंत्रांवर दहा राग वाजवून एचएमव्हीची तबकडी काढली. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा प्रकाशित झाली आणि जगभर तिची चर्चा झाली.

त्याच काळात वाद्यवृंदांमध्येही असे सिंथेसायझर दिसू लागले. आमच्या विद्यार्थ्याचे आजोबा अशाच एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गणपतीत आणि लग्नसराईत रायगडात गावोगाव फिरायचे. हे वाद्य त्यांनी १९८०च्या दशकात जुनंच विकत घेतलं होतं, हप्त्याने.

अ‍ॅनालॉग सिंथेसायझर म्हणजे काय, हे मुलांना एका वाक्यात सांगता येतं: यात सुराची उंची व्होल्टेजने ठरते. बऱ्याच यंत्रांत नियम असा असतो की १ व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. सप्तकात १२ स्वर, म्हणजे एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत १/१२ व्होल्ट, म्हणजे सुमारे ८३ मिलिव्होल्ट. आतलं व्होल्टेज डळमळलं की वाद्य बेसूर झालंच. म्हणून इथे वीजपुरवठा ठीक असणं म्हणजे नुसतं 'दिवा लागणं' नव्हे.

वीजपुरवठ्याचे पाच टप्पे

फळ्यावर पाच चौकोन काढा आणि बाणांनी जोडा.

१. प्लग, वायर, स्विच आणि फ्यूज. (पाठ्यपुस्तकातली आपली 'वितळतार'.)

२. ट्रान्सफॉर्मर. २३० व्होल्टचे १८ किंवा २० व्होल्ट करणारा.

३. ब्रिज रेक्टिफायर. चार डायोड. प्रत्यावर्ती धारेला एकाच दिशेने वळवतात.

४. फिल्टर कपॅसिटर. मोठा डबा. वळवलेल्या धारेतले चढउतार भरून काढतो.

५. रेग्युलेटर. शेवटी मोजून मापून १५ व्होल्ट किंवा ५ व्होल्ट देणारा.

मी मुलांना पाणीपुरवठ्याचं उदाहरण देतो. नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं. आपण गच्चीवरच्या टाकीत भरून ठेवतो आणि दिवसभर वापरतो. फिल्टर कपॅसिटर ही ती टाकी. विजेचं 'पाणी' मात्र सेकंदाला १०० वेळा येतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि ब्रिजमुळे प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे भाग वापरले जातात. टाकीला गळती लागली किंवा ती लहान झाली, तर दोन पुरवठ्यांच्या मधे नळ कोरडा पडणार.

त्या काळच्या अनेक सिंथेसायझरमध्ये तीन पुरवठे असतात: अधिक १५, उणे १५ आणि ५ व्होल्ट. १५चे दोन सूर निर्माण करणाऱ्या भागासाठी, ५ व्होल्ट बटणं आणि मेमरी सांभाळणाऱ्या भागासाठी. सगळ्यांचं सारखं नसतं. मिनीमूगमध्ये अधिक १० आणि उणे १० व्होल्ट असतात. म्हणून आपल्या यंत्राची सर्किट आकृती मिळवल्याशिवाय आत हात घालू नये.

आधी सुरक्षा, मग उत्साह

पालकांनी हा भाग दोनदा वाचावा ही विनंती.

पहिली गोष्ट फ्यूजची. आमच्या यंत्रात अर्ध्या अँपिअरचा फ्यूज होता. त्या जागी वायरीतली तांब्याची बारीक तार घातली तरी ती वितळायला कित्येक अँपिअर लागतात. समजा आत बिघाड आहे आणि २ अँपिअर धारा वाहते आहे. २३० गुणिले २ म्हणजे ४६० वॅट. आपलं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे अठरा सोल्डरिंग आयर्न एका बंद पेटीत एकदम तापवल्यासारखं! आणि घरातला एमसीबी २ अँपिअरला पडत नाही, त्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं. फ्यूज जातो तेव्हा तो आपल्याला निरोप देत असतो. तार घालणं म्हणजे निरोप्याचं तोंड बांधणं.

दुसरी गोष्ट कोणी काय करायचं याची. आमच्याकडे ठरलेली वाटणी अशी:

- मुलांनी: प्लग काढलेल्या आणि कपॅसिटर रिकामे केलेल्या यंत्राचं निरीक्षण, फोटो काढणं, चिठ्ठ्या लावणं, मल्टिमीटरने रोध मोजणं, गणितं करणं.
- जाणकार मोठ्या माणसाने: प्लग लावून होणारं प्रत्येक मोजमाप. २३० व्होल्टची बाजू फक्त त्यानेच हाताळायची.

मी विज्ञान शिकवतो, पण रोज उघडी यंत्रं हाताळणारा माणूस मी नव्हे. म्हणून आमच्या ओळखीच्या, तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेल्या एका दादांना बोलावलं. यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही. उलट मुलांनी ते पाहिलं की सरसुद्धा विचारून करतात.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. वरचे पाच टप्पे लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या यंत्रांचे आहेत. मोबाइलचा चार्जर, आताचा टीव्ही, संगणक यांत एसएमपीएस असतो. त्यात २३० व्होल्ट सरळ रेक्टिफाय होतात आणि कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. प्लग काढल्यावरही काही काळ ते तिथे राहू शकतात. तो मुलांनी उघडायचा नाही, आणि आपणही पाठ म्हणून उघडायचा नाही.

आमच्या यंत्रातला कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरडचा, त्यावर सुमारे २५ व्होल्ट. त्यानेही ठिणगी उडते आणि भाग जळतात. म्हणून प्लग काढून १ किलोओहम, २ वॅटचा रोध काही वेळ त्याच्या दोन टोकांना लावून धरायचा. रोध गुणिले धारिता म्हणजे १००० × ०.००२२ = २.२ सेकंद. याच्या पाचपट, म्हणजे ११ सेकंदांत तो जवळजवळ रिकामा होतो. आम्ही अर्धा मिनिट धरला आणि मग मीटर लावून शून्य आलं का ते पाहिलं. स्क्रू-ड्रायव्हरने 'ठक्' करून रिकामा करायची सवय अनेकांना असते. ती मुलांसमोर तरी करू नका.

आजोबांनी सांगितलेली खूण

यंत्र उघडण्याआधी आम्ही आजोबांना विचारलं, "बंद पडण्याआधी काय व्हायचं?"

आजोबा म्हणाले, "दोन वर्षं घुमत होता. काही न वाजवता. खालच्या सप्तकातली पांढरी पाच, जराशी चढी."

मी वहीत लिहून घेतलं आणि घरी येऊन आकडे पाहिले. पांढरी पाच म्हणजे पाश्चात्त्य 'जी'. खालच्या सप्तकात त्याची वारंवारता ९८ हर्ट्झ. ब्रिज रेक्टिफायरनंतरच्या चढउतारांची वारंवारता १०० हर्ट्झ. म्हणजे पांढरी पाचच, किंचित चढी! आजोबांच्या कानाने यंत्र न उघडता सांगितलं होतं की बिघाड चौथ्या टप्प्यात, टाकीत, असण्याची शक्यता मोठी आहे.

वर्गात हे हार्मोनियम घेऊन दाखवता येतं. एक सावधगिरी: ५० हर्ट्झचा सूरही पांढरी पाचच्या जवळच येतो, फक्त एक सप्तक खाली. मुख्यतः ५० हर्ट्झची घुमण असेल तर संशय वेगळा: अर्थिंग किंवा केबलची गडबड, किंवा ब्रिजमधला एखादा डायोड तुटल्याने अर्धंच काम होणं. कानाला सप्तकाचा फरक कळत नसेल तर मोबाइलवर वारंवारता दाखवणारं अ‍ॅप वापरावं.

तपासणी, क्रमाने

१. पाटी वाचा. यंत्राच्या मागे व्होल्टेज लिहिलेलं असतं. जपानमधून थेट आलेली यंत्रं १०० व्होल्टची असतात. ती आपल्या २३० व्होल्टला लावली तर आतलं प्रत्येक व्होल्टेज २.३ पट होऊ पाहतं आणि फ्यूज गेला तर नशीब समजायचं. अशा यंत्राला बाहेरचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. आमचं यंत्र २४० व्होल्टचं होतं.

२. डोळे आणि नाक वापरा. फुगलेला किंवा खालून पाझरलेला कपॅसिटर, काळवंडलेला रोध, करपलेला वास. जड भागांच्या पायांशी सोल्डरला गोल भेग पडली आहे का? ऑर्केस्ट्राचं वाद्य टेम्पोतून फिरलेलं असतं, असे सांधे सुटतात. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत कनेक्टर हिरवे पडतात. मेमरीसाठी बॅटरी असेल तर ती पाझरून बोर्ड खाल्ला गेला आहे का, तेही बघा. कोर्गच्या पॉलिसिक्स या १९८१ सालच्या यंत्राची ही प्रसिद्ध दुखणी आहे.

३. प्लग काढून फ्यूज मोजा. काचेच्या फ्यूजमधली तार नुसती मधोमध तुटलेली असेल तर धारा थोडीच जास्त झाली होती. काच आतून काळी किंवा चांदीसारखी झाली असेल तर मोठं लघुपरिपथन. आमची काच काळी होती.

४. ट्रान्सफॉर्मरच्या २३० बाजूचा रोध मोजा. आमच्या मीटरवर ४० ओहमच्या आसपास आला. एवढ्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरला तो ठीक. अनंत आला तर वेटोळं तुटलं, शून्याच्या जवळ आला तर जळून चिकटलं.

५. सिरीज बोर्ड लावा. आपल्याकडच्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे हा असतो: पिवळा बल्ब आणि सॉकेट एकसर जोडणीत. ६० वॅटचा बल्ब असेल तर कितीही मोठं लघुपरिपथन असो, धारा ६० भागिले २३०, म्हणजे ०.२६ अँपिअरच्या वर जात नाही. एलईडी बल्ब इथे चालत नाही, तारेचाच हवा. यंत्र ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकतो (कपॅसिटर भरत असतात) आणि मंद होतो. एकसर जोडणीचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. वर्षानुवर्षं बंद पडून असलेलं यंत्रसुद्धा पहिल्यांदा असंच चालू करावं, थेट प्लगात कधीच नाही.

दादांनी नवा अर्ध्या अँपिअरचा फ्यूज घातला, सिरीज बोर्ड लावला. बल्ब पूर्ण पेटला आणि पेटलेलाच राहिला. मुलगा म्हणाला, "म्हणजे शॉर्ट आहे!" बरोबर. पण कुठे?

६. मधे तोडून पाहा. प्लग काढला, ट्रान्सफॉर्मरकडून बोर्डाकडे जाणारा कनेक्टर सोडवला आणि पुन्हा प्लग लावला. बल्ब जवळजवळ विझला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर चांगला आहे, बिघाड त्याच्या पुढे. पाच टप्प्यांतले दोन एका फटक्यात सुटले. मुलांना हे फार आवडतं, कारण हा अंदाज नसतो, पुरावा असतो.

७. डायोड मोजा. प्लग काढून, कपॅसिटर रिकामा करून, मीटर डायोडच्या खुणेवर. चांगला डायोड एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो, उलट दिशेने काही नाही. चारपैकी एक डायोड दोन्ही दिशांनी शून्य दाखवत होता. बोर्डावरून काढून पुन्हा मोजला, तरी शून्य. फ्यूज उडवणारा हाच.

ब्रिज बदलला. सिरीज बोर्डावर बल्ब चमकला आणि मंद झाला. मुलाने टाळी वाजवली. "सर, झालं!"

दादा म्हणाले, "थांब रे. आजोबा काय म्हणाले होते? दोन वर्षं घुमत होता. डायोड आत्ता गेला. घुमण्याचं कारण अजून आतच आहे."

पहिला बिघाड सापडला की आपण थांबतो. पेपर तपासतानाही आपण असंच करतो ना? एक चूक सापडली की पुढचं वाचत नाही.

८. व्होल्टेज मोजा. बल्ब काढून, थेट वीज देऊन. सगळी मोजमापं दादांनी केली, मुलगा दूर बसून आकडे लिहीत होता. एक हात पाठीमागे ठेवून दादा मीटरची टोकं लावत होते. दोन्ही हात आत गेले तर धक्का छातीतून जाऊ शकतो म्हणून. उणे १५ च्या जागी उणे १५.०, ५ च्या जागी ५.०. अधिक १५ च्या जागी मात्र १४.६, आणि यंत्र घुमत होतं. मोबाइलच्या अ‍ॅपवर टोक १०० हर्ट्झवर.

९. चढउतार मोजा. मीटर एसीवर ठेवून अधिक बाजूच्या फिल्टर कपॅसिटरवर लावला: २.९ व्होल्ट. उणे बाजूवर ०.७. फरक स्पष्ट होता. इथे एक खोच आहे. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी डीसीसुद्धा मोजतात आणि भलताच आकडा दाखवतात. टोकं उलटी लावून पाहा. दोन्ही वेळा आकडा साधारण सारखा आला तर विश्वास ठेवा. फार वेगळा आला तर एका टोकाशी ०.१ मायक्रोफॅरडचा, पुरेशा व्होल्टचा छोटा कपॅसिटर एकसर जोडून मोजा.

अधिक बाजूचा कपॅसिटर काढून मोजला. अंगावर २२०० लिहिलेलं, मीटरवर ५००च्या आसपास. बाहेरून फुगला नव्हता, गळला नव्हता. आतला द्रव चाळीस वर्षांत वाळून गेला होता.

आकडे जुळतात का?

मुलांकडून हे करून घ्या. चढउतार मोजायचं सोपं सूत्र: धारा भागिले (१०० × धारिता). त्या बाजूची धारा सुमारे अर्धा अँपिअर.

- कपॅसिटर नवा असताना: ०.५ ÷ (१०० × ०.००२२) = सुमारे २.३ व्होल्ट.
- वाळल्यावर: ०.५ ÷ (१०० × ०.०००५) = १० व्होल्ट.

१८ व्होल्टच्या प्रत्यावर्ती धारेचं शिखर १८ × १.४१४, म्हणजे २५ व्होल्टच्या आसपास. ७८१५ या रेग्युलेटरला १५ व्होल्ट द्यायला आत किमान १७ ते १७.५ व्होल्ट यावे लागतात. पहिल्या स्थितीत व्होल्टेज २२.७ पर्यंतच उतरतं. रेग्युलेटर निवांत. दुसऱ्या स्थितीत ते १५ पर्यंत उतरतं. मग रेग्युलेटरचा नाइलाज होतो आणि सेकंदाला १०० वेळा त्याचा आउटपुट खाली झुकतो. तीच घुमण.

मीटरवर १० ऐवजी २.९ का दिसले, असं एका मुलीने विचारलं. छान प्रश्न! १० हे शिखरापासून तळापर्यंतचं अंतर, आणि मीटर परिणामी मूल्याच्या जवळचं काहीतरी दाखवतो. करवतीच्या दात्यांसारख्या आलेखासाठी अंतराला ३.४६ ने भागायचं. १० ÷ ३.४६ = २.९. उणे बाजूचं २.३ ÷ ३.४६ = ०.७. दोन्ही आकडे वहीतल्या नोंदीशी जुळले, तेव्हा वर्गात जी शांतता झाली ती मला बरेच दिवस पुरेल.

नवा भाग बसवताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सहज मिळतो. धारिता तीच घ्यावी, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, आणि १०५ अंशांचा घ्यावा. आम्ही दोन्ही बाजूंचे बदलले, कारण दुसराही तेवढ्याच वयाचा. अधिक-उणे टोकं उलटी लागली तर कपॅसिटर फुटतो, म्हणून जुना काढण्याआधी फोटो.

रेग्युलेटर बदलायची वेळ आली तर एक सापळा लक्षात ठेवा. ७८१५ (अधिक) आणि ७९१५ (उणे) दिसायला सारखे. पण ७८१५ चे पाय अनुक्रमे आत, जमीन, बाहेर असे; ७९१५ चे जमीन, आत, बाहेर असे. शिवाय ७९१५ चा मागचा धातूचा पत्रा जमिनीला जोडलेला नसतो, तो 'आत'शी जोडलेला असतो. त्याच्यामागची अभ्रकाची चकती विसरलात तर पुन्हा फ्यूज.

आणि ५ व्होल्टचा रेग्युलेटर संशयास्पद असेल तर बोर्ड सोडवूनच तपासा. तो बिघडून ५ ऐवजी १० व्होल्ट देऊ लागला तर पुढच्या चिप जातात, आणि त्यांतल्या काही आता बनतच नाहीत.

लक्षण आणि संशय

- काहीच नाही, दिवाही नाही: प्लग, स्विच, फ्यूज, ट्रान्सफॉर्मर.
- फ्यूज लगेच जातो: डायोड, फिल्टर कपॅसिटर, पुढचं लघुपरिपथन.
- १०० हर्ट्झची घुमण: फिल्टर कपॅसिटर.
- ५० हर्ट्झची घुमण: अर्थिंग, केबल, एखादा तुटलेला डायोड.
- तापल्यावर बेसूर: १५ व्होल्टचा पुरवठा सरकतोय का ते आधी पाहा. तो स्थिर असेल तर दोष सूर निर्माण करणाऱ्या भागात.
- बटणं वेड्यासारखी वागतात, मधेच बंद-चालू: ५ व्होल्ट कमी पडताहेत.
- हलवलं की आवाज जातो-येतो: सोल्डरचा सांधा, कनेक्टर.

वर्गात करायचा निर्धोक प्रयोग

सिंथेसायझर नसला तरी टाकीचं तत्त्व दाखवता येतं. साहित्य: बंद डब्यातला, १२ व्होल्ट एसी देणारा अडॅप्टर, चार १एन४००७ डायोड, एक एलईडी, १ किलोओहमचा रोध, ४७० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर.

ब्रिज जोडा, एलईडी रोधासह लावा आणि लांब वायरवरचा एलईडी अंधारात हातात धरून झपकन हलवा. रेघ तुटक दिसते, ठिपक्या-ठिपक्यांची. आता कपॅसिटर लावा, टोकं तपासून. रेघ सलग होते. ब्रिजमधला एक डायोड काढा आणि कपॅसिटरही काढा: ठिपके निम्मे होतात, मधली जागा वाढते. आजोबांच्या यंत्रात जे ऐकू येत होतं, ते इथे डोळ्यांना दिसतं.

स्वाध्याय

१. धारा १ अँपिअर, कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरड. चढउतार किती? (सुमारे २.१ व्होल्ट)

२. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे. तिथे वाळलेल्या कपॅसिटरची घुमण किती हर्ट्झची असेल? (१२०)

३. १ व्होल्टला एक सप्तक असेल, तर ०.२५ व्होल्टने सूर किती स्वर सरकेल? (३)

४. घरातल्या कोणत्या वस्तूत लोखंडी ट्रान्सफॉर्मर आहे आणि कोणत्यात एसएमपीएस? न उघडता, वजनावरून आणि पाटीवरून ओळखा. पालकांसोबत यादी करा.

जाता जाता

दुसऱ्या रविवारी यंत्र चालू झालं. अधिक १५ च्या जागी १५.०, एसीवर जेमतेम काही. आजोबांनी स्पीकरला कान लावला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग हार्मोनियमवर पांढरी एक धरायला सांगितली, सूर जुळवून पाहिला आणि म्हणाले, "दुसरा आवाज अजून किंचित उतरलाय." तोही उतरलेला होताच. ते काम पुढच्या सुट्टीत.

काका तिथेच होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता, फ्यूजच्या जागी तार घालायची आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. त्या मुलाने त्यांना ४६० वॅटचं गणित वहीवर करून दाखवलं. काकांनी मीटरच्या डब्याशेजारी जपून ठेवलेलं तारेचं भेंडोळं काढलं आणि कचऱ्यात टाकलं.

पालकहो, तुमचं मूल वस्तू उघडून बघत असेल तर रागावण्याआधी दोन गोष्टी करा. प्लग तुमच्या हातात ठेवा आणि जाणकार माणसाला शेजारी बसवा. शिक्षकमित्रांनो, तुमच्या गावातही एखाद्या पलंगाखाली असं वाद्य नक्की असेल. वाजवणारे अजून आहेत तोवर त्यांना विचारा, बंद पडण्याआधी ते कुठल्या सुरात घुमत होतं.

प्रयोग करून पाहिलात तर तुमच्या वर्गातले अनुभव जरूर कळवा.